मागच्या आसनाचा वाद

भारताने २०१६ मध्ये फ्रान्सकडून ३६ राफेल विमाने घेण्याचा करार केला. त्यांपैकी २८ विमाने एका आसनाची आहेत आणि ८ दोन आसनांची. नौदलासाठी एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेलचा करार झाला, त्यात हे गणित २२ आणि ४ असे आहे. याउलट वायुदलाचा कणा असलेली अडीचशेहून अधिक सुखोई-३० एमकेआय विमाने, ज्यांतली बहुतेक नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडली, ती झाडून सगळी दोन आसनांची आहेत. एकाच देशाच्या ताफ्यात इतका फरक असण्यामागे खरेदीचे योगायोग आहेतच, पण एक न मिटलेला प्रश्नही आहे. शत्रूच्या हद्दीत घुसून जमिनीवरचे लक्ष्य मारणाऱ्या लढाऊ विमानात पायलटच्या मागे दुसरा माणूस हवा की नको? शिकाऊ पायलटसाठी असलेले दुसरे आसन हा इथला विषय नाही. लढाईत मागे बसून रडार, कॅमेरे, लेझर आणि शस्त्रे हाताळणारा जो अधिकारी असतो, ज्याला हवाई दलाच्या बोलीत ‘विझो’ म्हणतात, त्याच्याबद्दलचा हा वाद आहे. शास्त्रार्थाच्या जुन्या शिस्तीप्रमाणे आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडायचा आणि मग उत्तराला उभे राहायचे. पूर्वपक्ष एका आसनाचा आहे. उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष : मागच्या आसनाचा इतिहास म्हणजे एकेक काम हातातून सुटत जाण्याचा इतिहास. पूर्वी मागचा माणूस नकाशा, घड्याळ आणि रडारच्या धूसर पडद्यावरून वाट काढायचा. जडत्वीय दिशादर्शन आले, पुढे जीपीएस आले आणि ते काम संपले. विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे तळ हुडकून मारण्याचे काम घ्या. व्हिएतनाम युद्धात १९६५ पासून अमेरिकेने त्यासाठी ‘वाइल्ड वीझल’ विमाने वापरली. ती दोन आसनांची होती, कारण शत्रूच्या रडारचे सूर हेडफोनमध्ये ऐकून कोणते रडार आपल्यावर रोखले आहे ते मागचा अधिकारी कानाने ओळखायचा. याहून अवघड, याहून माणसावर अवलंबून असलेले काम सापडणे कठीण. तरीही १९९६ मध्ये एफ-४जी फँटम निवृत्त झाले आणि तेच काम एका आसनाच्या एफ-१६ने उचलले. विमानाखाली लटकवलेल्या, रडारविरोधी क्षेपणास्त्राला लक्ष्य दाखवणाऱ्या एका पॉडने तो कान भरून काढला. इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या प्राउलर विमानात चार माणसे बसत, त्याच्या जागी आलेल्या ग्राउलरमध्ये दोन बसतात. ब्रिटनने दोन आसनांचे टोर्नेडो मार्च २०१९ मध्ये निरोप देऊन बाजूला केले, आणि त्याची स्टॉर्म शॅडो व ब्रिमस्टोन क्षेपणास्त्रे आता एकटा पायलट टायफूनमधून डागतो. जर्मनीने तर अमेरिकी अणुबॉम्ब वाहण्याचे काम टोर्नेडोकडून काढून एफ-३५कडे द्यायचे २०२२ मध्ये ठरवले. एफ-३५ची दोन आसनांची आवृत्तीच नाही, प्रशिक्षणासाठीसुद्धा नाही.

आणि दुसऱ्या माणसाची किंमत मोजावी लागते. आसन, त्याची इजेक्शन यंत्रणा, पडदे, काच, प्राणवायू हे सगळे घेऊन माणूस जिथे बसतो तिथे इंधन बसू शकले असते. दोन आसनी राफेलच्या पोटात एक आसनीपेक्षा सुमारे तीनशे किलो इंधन कमी मावते. विमान पडले तर एका कुटुंबाऐवजी दोन कुटुंबे उघडी पडतात. मग मिळते काय? ७ जून १९८१ ला बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उडवली ती इस्राएलच्या आठ एक आसनी एफ-१६ विमानांनी. हजार किलोमीटरहून लांबचा पल्ला, जमिनीला चिकटून उड्डाण, बॉम्ब साधे. १९९१ च्या आखाती युद्धात बगदादवर पहिल्या रात्री गेलेल्या एफ-११७ विमानातही एकच माणूस होता. जगातले सर्वांत अवघड हल्ले एकट्याने होऊ शकतात, हे सिद्ध झालेले आहे. आता आपण सांगा, मागचे आसन कशासाठी?

उत्तरपक्ष : यातले एकही उदाहरण मला नाकारायचे नाही. पण ती सगळी शेजारी शेजारी ठेवून पाहिली की त्यांच्यात एक समान धागा दिसतो. ओसिराकची जागा नकाशावर पक्की होती. ती भट्टी कुठे पळून जाणार नव्हती. मार्ग, उंची, वेळ, कोणत्या दिशेने शिरायचे, कुठे वर उसळायचे, हे सगळे जमिनीवर ठरले होते आणि त्याचा सराव झाला होता. एफ-११७ तर याचा अर्कच म्हणावा असे विमान. त्याचा मार्ग संगणकावर आधी आखलेला असे, त्या मार्गावरून ते ऑटोपायलटच नेत असे, आणि रडारला जवळजवळ दिसत नसल्याने पायलटला आजूबाजूला मान वळवत बसण्याची फारशी गरज नव्हती. त्यामुळे अवरक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर रोखून लक्ष्यावर खूण ठेवणे एवढे काम त्याच्यापाशी उरत असे. तो एकटा होता असे दिसते खरे, पण त्याच्या वाट्याचे निम्मे निर्णय तळावरच्या नियोजकांनी घेऊन टाकलेले होते. एसटीची विनावाहक गाडी आठवून पाहा. सगळी तिकिटे स्टँडवरच फाडून झालेली असतात आणि वाटेत थांबा नसतो, म्हणून त्या गाडीला कंडक्टर लागत नाही. त्यावरून गावोगाव थांबणाऱ्या गाडीतला कंडक्टर फालतू आहे असे कोणी म्हणत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. दुसरे आसन लागते की नाही हे कामाच्या बोजावरून ठरवू नये. बोजा यंत्र उचलते, आणि दरवर्षी जास्त उचलते. त्या मापाने मोजले तर मागचा माणूस आज ना उद्या हरणारच. मोजायचे असेल तर हे मोजा की मोहिमेतले किती निर्णय चाके जमिनीवरून सुटण्याआधी घेऊन झालेले आहेत आणि किती हवेत घ्यायचे उरले आहेत. पहिल्या प्रकारच्या मोहिमेला एक आसन पुरते, आणि तिथे दुसरा माणूस म्हणजे खरोखरच वाया गेलेले इंधन आहे. दुसऱ्या प्रकारात, जिथे लक्ष्य हलते, हुकूम बदलतो, आपले आणि परके एकमेकांत मिसळलेले असतात, तिथे दोघांची गरज माणसाच्या लक्षाच्या मर्यादेतून येते. विमान उडवणे, जिवंत राहणे, आणि खालच्या एका ठिपक्याबद्दल ‘हा तोच का’ असा नेटाने विचार करणे, या तीन गोष्टी एका मेंदूत एकाच क्षणी मावत नाहीत. त्यांतली एक मागे पडते, आणि मागे पडते ती बहुधा तिसरीच.

पूर्वपक्ष : तर मग आपल्याच कसोटीवर तपासून पाहू. हलते लक्ष्य, बदलता हुकूम, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे १९९१ मध्ये पश्चिम इराकच्या वाळवंटात झालेली स्कड क्षेपणास्त्रांची शोधमोहीम. फिरत्या वाहनांवरचे स्कड शोधायला अमेरिकेने दोन आसनांचे एफ-१५ई रात्रीमागून रात्री पाठवले. त्या विमानातला विझो म्हणजे या जातीतला सर्वांत तयार माणूस. युद्धानंतर अमेरिकी वायुदलाने करवून घेतलेल्या मोठ्या अभ्यासात निकाल काय लागला? फिरते प्रक्षेपक वाहन नष्ट केल्याचा एकही निर्विवाद पुरावा सापडला नाही. दुसरे उदाहरण ऑगस्ट २००७ चे. अफगाणिस्तानात काजाकीजवळ एका एफ-१५ईने टाकलेला पाचशे पौंडी बॉम्ब मित्रसैन्यावरच पडला आणि तीन ब्रिटिश सैनिक मेले. कोऑर्डिनेट्स सांगण्या-ऐकण्यात घोटाळा झाला होता. विमानात दोन माणसे होती, चार कान होते. आपल्या दुसऱ्या मेंदूने काय केले?

उत्तरपक्ष : दोन्ही उदाहरणे माझ्या बाजूला बोचणारी आहेत, म्हणून त्यांचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. स्कडच्या बाबतीत अडचण ठरवण्याची नव्हती, सापडण्याची होती. प्रक्षेपक वाहन डागून झाल्यावर काही मिनिटांत जागा सोडायचे, आणि त्या काळच्या पॉडच्या अरुंद चौकटीतून इतके मोठे वाळवंट धुंडाळणे म्हणजे सुईच्या भोकातून आभाळ बघणे होते. तिथे मागे चार माणसे बसवली असती तरी निकाल तोच लागला असता. दुसऱ्या आसनाने दृष्टी वाढत नाही, आणि ती वाढते असा दावा मी करत नाही. मात्र जिथे लक्ष्य एकदा नजरेत आले तिथे काय होते हे त्याच युद्धात दिसले. १४ फेब्रुवारी १९९१ ला एका एफ-१५ईने इराकी हेलिकॉप्टरवर लेझरने चालणारा बॉम्ब सोडला. तो बॉम्ब खाली येईपर्यंत हेलिकॉप्टर हलू लागले, पण मागच्या अधिकाऱ्याने लेझरचा ठिपका त्याच्यावरून सुटू दिला नाही, आणि हवेतल्या हेलिकॉप्टरवर बॉम्ब बसला. पुढचा माणूस विमान सांभाळत होता म्हणून मागच्याला ते अर्धे मिनिट फक्त त्या ठिपक्याला देता आले.

काजाकीचे उत्तर अधिक अवघड आहे. दोन माणसे असली की चूक पकडली जातेच, हा मागच्या आसनाच्या पाठीराख्यांचा आवडता दावा मी मान्य करत नाही. जी चूक दोघांपैकी एकाला दिसू शकते तीच पकडली जाते. चुकीचा आकडा बाहेरून आला आणि दोघांनीही तोच खरा मानला, तर दोन मेंदू एकाच खड्ड्यात पडतात. किंबहुना दुसरा सहमत आहे या भावनेने पहिल्याचा संशय मावळण्याचीही शक्यता असते. पण याच प्रकारची दुसरी घटना शेजारी ठेवून पाहा. १७ एप्रिल २००२ च्या रात्री कंदाहारजवळ टार्नाक फार्म इथे कॅनडाचे सैनिक गोळीबाराचा सराव करत होते. वरून जाणाऱ्या अमेरिकी एफ-१६च्या पायलटला तो आपल्यावरचा मारा वाटला. गोळीबार थांबवून ठेव, असे त्याला रेडिओवरून सांगितले गेले होते. त्याने स्वसंरक्षणाचा हक्क बजावत असल्याचे सांगून बॉम्ब टाकला. चार सैनिक गेले. मागे कोणी असते तर हे टळलेच असते असे म्हणणे पुराव्याच्या पुढे जाणे होईल. पण या दोन घटनांमधला फरक पाहण्यासारखा आहे. काजाकीत माहितीच चुकीची होती. टार्नाकमध्ये थांबायला सांगणारा शब्द हजर होता, तो दुरून आला होता आणि एकट्या माणसाच्या मनात तयार झालेल्या चित्रापुढे टिकला नाही. ज्याने तीच ठिणगी त्याच काचेतून पाहिली आहे अशा माणसाचा ‘थांब’ आणि दोनशे किलोमीटरवरच्या नियंत्रकाचा ‘थांब’ यांचे वजन सारखे नसते.

पूर्वपक्ष : वजन सारखे नसेल, पण मग तो दुसरा माणूस विमानातच कशाला हवा? आज डेटालिंक आहे. अवॅक्स या रडारविमानात, जमिनीवरच्या कक्षात, शांतपणे चहा पीत दहा माणसे तेच पडदे पाहू शकतात. शिवाय एफ-३५ने कॉकपिटची कल्पनाच बदलून टाकली. आधी पायलटला रडारचा पडदा वेगळा, इशारा देणाऱ्या यंत्राचा वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा पाहावा लागे आणि चित्र डोक्यात जुळवावे लागे. आता ते जुळवून एकच चित्र समोर येते, हेल्मेटच्या काचेवर येते, अगदी विमानाच्या तळातून खाली पाहिल्यासारखेही येते. मागच्या माणसाचे उरलेसुरले काम जुळवणीचे होते. तेही संपले.

उत्तरपक्ष : जुळवणीचे काम संपले हे खरे, आणि एफ-३५ हे माझ्या विरोधातले सर्वांत भक्कम उदाहरण आहे. मात्र चित्र स्वच्छ झाले म्हणजे निर्णय सोपा झाला असे होत नाही. कधी कधी उलट होते. धूसर पडद्यावर चार ठिपके असतात तेव्हा चारांचाच विचार करावा लागतो. स्वच्छ पडद्यावर चाळीस दिसू लागले की त्यांतला कोणता आधी, कोणता सोडायचा, कोणता सोबत्याला द्यायचा हा नवा प्रश्न उभा राहतो. यंत्राने पाहण्याचे काम हलके केले की मोहिमा आखणारे त्या मोकळ्या झालेल्या लक्षात आणखी एक जबाबदारी कोंबतात, हा आजवरचा अनुभव आहे.

डेटालिंकचा मुद्दा गंभीर आहे, कारण शांततेच्या काळात तो बिनतोड वाटतो. दूरचा सहकारी खरोखर उपयोगी असतो, जोवर त्याचा आवाज पोचतो तोवर. पण ज्या आकाशात लढाऊ विमान पाठवण्याची वेळ येते, त्याच आकाशात शत्रू सर्वांत आधी रेडिओ आणि उपग्रहांचे दुवे तोडायला बघतो. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी जॅमिंगचा जो मारा केला त्यानंतर अखंड दुव्यावर मोहीम उभी करणे धाडसाचे आहे. मागच्या आसनाचा दुवा म्हणजे इंटरकॉमची तार, आणि ती जॅम करता येत नाही. अवॅक्सही आता सीमेपासून लांब उभे राहू लागले आहे, कारण त्यालाच मारण्यासाठी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे तयार झाली आहेत.

अणुशस्त्राच्या वेळी ‘एकट्या माणसाच्या हाती इतकी शक्ती नको’ असा जो युक्तिवाद दोन आसनांच्या बाजूने होतो, तो मात्र मी इथेच सोडून देतो. फ्रान्समध्येच त्याचे उत्तर आहे. फ्रेंच वायुदल आपले अणुवाहक क्षेपणास्त्र दोन आसनी राफेलवर नेते आणि फ्रेंच नौदल तेच क्षेपणास्त्र एक आसनी राफेलवर नेते. अण्वस्त्राचा ताबा राष्ट्राध्यक्षांच्या हुकमात आणि कुलुपांच्या संकेतांत असतो, आसनांच्या संख्येत नाही. वायुदलाने दोन आसने ठेवली आहेत ती रात्री, खराब हवेत, जमिनीलगत, लांबवर घुसण्याच्या कामासाठी. १९९१ च्या आखाती युद्धानंतर फ्रेंच वायुदलाने राफेलच्या मागणीतले दोन आसनींचे प्रमाण वाढवले, तेही याच विचाराने.

पूर्वपक्ष : एप्रिल २०२४ विसरलात का? इराणने इस्राएलवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली त्या रात्री अमेरिकेच्या दोन आसनी एफ-१५ईंचे फार कौतुक झाले, मागच्या आसनावरच्या कॅप्टन लेसी हेस्टर यांना सिल्व्हर स्टारही मिळाला. पण त्याच रात्री ब्रिटनच्या एक आसनी टायफूननीही ड्रोन पाडले.

उत्तरपक्ष : विसरलो नाही, पण त्या रात्रीवरून आसनांचा निवाडा करता येत नाही. कोणत्या विमानाच्या वाट्याला कोणते ड्रोन आले, किती आले, हे सारखे नव्हते. तुलनेला योग्य जागा दुसरी आहे, आणि ती अमेरिकेच्या नौदलात सापडते. सुपर हॉर्नेट हे एकच विमान ‘ई’ म्हणजे एक आसनी आणि ‘एफ’ म्हणजे दोन आसनी अशा दोन रूपांत, तेच इंजिन, तेच रडार घेऊन पाव शतक एकाच डेकवरून उडते आहे. नौदलाला एकच रूप पुरेसे वाटले असते तर दुसरे बंद करायला एवढा काळ भरपूर होता. दोन्ही राहिली, आणि त्यांच्यात कामाची वाटणी झाली. जमिनीवरच्या तुकड्यांना मदत करताना हवेतून इतर विमानांना लक्ष्ये नेमून देण्याचे काम प्रामुख्याने दोन आसनी स्क्वाड्रनकडे गेले. हे काम करताना माणूस स्वतः बॉम्ब टाकत नाही, तो इतर चौघांचे बॉम्ब कुठे पडावेत हे ठरवत असतो, खालच्या सैनिकाशी बोलत असतो, आणि विमान गोल गोल घिरट्या घालत असते. ‘टॉप गन : मॅव्हरिक’ या चित्रपटातही बॉम्ब टाकणारे विमान एक आसनी आणि लेझर धरणारे दोन आसनी अशी जोडी दाखवली आहे, हॉलिवूडने बाकी काय वाटेल ते केले असले तरी एवढी वाटणी विचार करून केलेली आहे.

शिवाय पुढच्या काळाचा प्रश्न याच कामाचा विस्तार आहे. सोबत उडणारे, पायलट नसलेले लढाऊ ड्रोन येऊ घातले आहेत. त्यांना कोण हाकणार? चीनने आपल्या जे-२० या रडारला चकवणाऱ्या विमानाची दोन आसनी आवृत्ती काढली. २०२१ मध्ये ती पहिल्यांदा दिसली आणि सप्टेंबर २०२५ च्या बीजिंगमधल्या संचलनात उघडपणे मिरवली. त्या जातीच्या लढाऊ विमानांतले ते जगातले पहिले दोन आसनी विमान. अमेरिकेची पैज उलट आहे : ड्रोनच इतके शहाणे करा की एकट्या पायलटने नुसता हेतू सांगावा आणि त्यांनी तो पार पाडावा. दोघांपैकी कोण बरोबर, हे ड्रोनला किती निर्णय सोपवायचे यावर ठरेल. मारायचे की नाही हा निर्णय ज्यांना यंत्राकडे द्यायचा नाही, त्यांना तो देणारा माणूस जवळपास ठेवावा लागेल. आपल्याकडे एचएएलने २०२१ च्या एअरो इंडियात जी ‘कॅट्स’ योजना मांडली, तिच्यातही ड्रोनचे नेतृत्व दोन आसनी तेजसकडे कल्पिले आहे. त्याच वेळी आपले पुढच्या पिढीचे ‘अॅम्का’ मात्र एक आसनी आखले जात आहे. भारताने अजून पैज लावलेली नाही, दोन्ही घोड्यांवर थोडे थोडे पैसे ठेवले आहेत.

पूर्वपक्ष : भारतावर आलाच आहात तर पुण्याच्या लोहगावपासून सुरू करू. सुखोई एमकेआयची पहिली स्क्वाड्रन तिथे २००२ मध्ये उभी राहिली. दोन आसनांचे एवढे मोठे बळ हाती असताना मागच्या आसनाचा आपण काय उपयोग केला? विझोऐवजी कितीतरी वेळा तिथे पायलटच बसवले. म्हणजे एका विमानात दोन पायलट, दोघांच्या प्रशिक्षणावर कोट्यवधी रुपये, आणि मागच्याचा जीव सतत पुढे बसायला उत्सुक. आणि आता सुखोईखाली अडीच टनांचे ब्रह्मोस लटकते. ते सोडले की स्वतःच लक्ष्याकडे जाते, त्याला मागून कोणी हाकावे लागत नाही.

उत्तरपक्ष : ब्रह्मोसबद्दल बरोबर आहे. ठरलेल्या जागेवर ब्रह्मोस सोडून परत फिरणे हे माझ्याच कसोटीने एका आसनाचे काम आहे. पायलट मागे बसवण्याबद्दलची टीकाही बरोबर आहे, आणि ती दोन आसनांवरची टीका नाही. अमेरिकेच्या वायुदलाने व्हिएतनामच्या सुरुवातीला फँटमच्या मागच्या आसनावर पायलटच बसवले होते. ते नाखूश होते, पुढे जाण्याची वाट पाहत दिवस काढत होते, आणि मागच्या कामात निपुण होण्यात त्यांना रस नव्हता. पुढे तिथे त्याच कामासाठी तयार केलेले नेव्हिगेटर बसू लागले आणि विझो हा एक वेगळा व्यवसाय उभा राहिला. आपल्याकडे ही गोष्ट उशिरा घडली, पण घडली. ८ ऑक्टोबर २०२२ ला चंदीगडमध्ये वायुदल दिनी तेव्हाचे वायुदलप्रमुख विवेक राम चौधरी यांनी ‘वेपन सिस्टिम ब्रँच’ या नव्या शाखेची घोषणा केली. स्वातंत्र्यानंतर वायुदलात लढाऊ कामासाठी प्रथमच नवी शाखा निघाली. जमिनीवरून जमिनीवर मारा करणारी क्षेपणास्त्रे, विमानविरोधी क्षेपणास्त्रे, पायलटविना चालणारी विमाने आणि दोन किंवा अधिक माणसांच्या विमानांतले शस्त्रचालक, असे तिचे चार प्रवाह. उड्डाणाच्या प्रशिक्षणावरचा ३,४०० कोटींहून अधिक खर्च त्यामुळे वाचेल असे त्याच वेळी सांगितले गेले. म्हणजे मागे पायलटऐवजी विझो बसवणे हे युद्धाच्या दृष्टीने शहाणपणाचे आहेच, आणि खजिन्यालाही परवडणारे आहे. त्यातली एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते : ड्रोन चालवणारा आणि विझो एकाच शाखेत शिकणार आहेत. उद्या सुखोईच्या मागच्या आसनावरून ड्रोन हाकायचे झाले तर ती दोन कौशल्ये एका माणसात असण्याची सोय इथेच झाली आहे.

पूर्वपक्ष : मग नौदलाचे काय? विमानवाहू जहाज विक्रांतवर जाणारी २२ राफेल एक आसनी आहेत. जी ४ दोन आसनी येतील ती डेकवर उतरूच शकत नाहीत, ती किनाऱ्यावर प्रशिक्षणाला. समुद्र म्हणजे हलत्या लक्ष्यांचे माहेरघर. आपल्या कसोटीने तिथेच दुसरा माणूस हवा होता.

उत्तरपक्ष : हवा होता. आणि तो मिळण्याची एक वाट होतीही. २०२२ मध्ये गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर, जहाजाच्या टोकाशी उंचावणाऱ्या डेकची नक्कल केलेल्या धावपट्टीवरून राफेल आणि सुपर हॉर्नेट या दोघांचीही परीक्षा झाली, तेव्हा सुपर हॉर्नेट बनवणाऱ्या बोइंगच्या बोलीत हा मुद्दा होता की त्यांचे दोन आसनी विमानही डेकवरून उडते. फ्रान्सने नौदलासाठी दोन आसनी राफेल आखले होते, पण पैशांअभावी २००४ मध्ये ते रद्द केले. भारतीय नौदलाने राफेल निवडले ते वायुदलाकडे आधीच असलेले विमान, सुटे भाग, शस्त्रे आणि प्रशिक्षण यांचा हिशेब करून, आणि तो हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पण त्या हिशेबात एक रकाना रिकामा राहिला. फ्रेंच पायलट एकटा उडतो तेव्हा त्याच्या जहाजावरून उडालेले हॉकआय हे रडारविमान त्याच्या डोक्यावर असते. अमेरिकन पायलटचेही तसेच. विक्रांतवर हॉकआय नाही. तिथे हे काम कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर करते, ज्याची उंची, पल्ला आणि हवेत राहण्याचा वेळ विमानापेक्षा फार कमी आहे. नौदलाची पी-८आय ही टेहळणी विमाने आहेत, त्यांतली काही हंसावरच असतात, पण ती शत्रूच्या लढाऊ विमानांच्या टप्प्यात थांबू शकत नाहीत. म्हणून विक्रांतच्या राफेलना आधी ठरलेल्या, पक्क्या जागेवरच्या हल्ल्यांची कामे द्यावीत, आणि भर समुद्रात शोधून, ओळखून, वाटेत विचार बदलून मारायची कामे तंजावरच्या २२२ स्क्वाड्रनच्या सुखोईंना द्यावीत, ज्यांच्यात ब्रह्मोसही आहे आणि मागे माणूसही. त्यात अडचण अंतराची आहे. तंजावरहून हिंदी महासागरात खोल जाऊन परतायचे तर वाटेत इंधन भरावे लागते, आणि ते भरणारी स्वतःची आयएल-७८ विमाने वायुदलाकडे अजून सहाच आहेत.